‘मॉडेस्ट कपडे न्या’ म्हणजे नेमकं काय न्यायचं? परदेश दौरे ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभाग, ट्रॅव्हल डेस्क आणि प्रकल्प व्यवस्थापक,
पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथून महिला कर्मचाऱ्यांना सौदी अरेबियात कामाला पाठवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : सौदीला जाणाऱ्या महिलांना कपड्यांच्या सूचना मोजमापासह लेखी देणे आणि त्यांचा खर्च कंपनीने उचलणे.

स. न. वि. वि.

तुमच्या प्रवासाच्या मेलमध्ये विमानाची वेळ मिनिटापर्यंत दिलेली असते. रोजचा भत्ता रियालमध्ये असतो, विम्याचा क्रमांक असतो, बॅगेचं वजन किलोत असतं. कपड्यांबद्दल मात्र शेवटी एक ओळ: ‘स्थानिक संस्कृतीचा मान राखून मॉडेस्ट कपडे न्यावेत.’ ज्या बाईला परवा निघायचंय तिला यातून बाही कुठवर हवी, डोकं झाकायचं की नाही, प्लांटवर अबाया (कपड्यांवरून घालायचा सैल, पायघोळ झगा) चालतो की नाही, यातलं काहीच कळत नाही. मग ती दुबईतल्या मावसबहिणीला विचारते. मावसबहीण दुबईचं सांगते, आणि ही निघालेली असते सौदीतल्या जुबैलला.

काही कंपन्यांकडे सूचनांची फाईल असते, पण ती इतकी जुनी की तिच्यात अजून मुतव्वा, म्हणजे धार्मिक पोलीस, रस्त्यात हटकतील अशी भीती घातलेली आहे. त्या दलाचा अटक करण्याचा अधिकार २०१६ च्या एप्रिलमध्येच काढून घेतला गेला. मार्च २०१८ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या मुलाखतीत सांगितलं, की कायदा बायकांना सभ्य कपडे घालायला सांगतो, काळा अबाया किंवा काळं शिरोवस्त्र घाला असं सांगत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला तेव्हा परदेशी महिलांना अबायाची सक्ती नाही हे अधिकृतपणे जाहीर झालं. त्याच वेळी सार्वजनिक शिष्टाचाराच्या १९ उल्लंघनांची यादी आणि त्यांचे दंडही आले, आणि असभ्य कपडे त्या यादीत आहेत. म्हणजे अबायाची सक्ती गेली, पण पेहरावाचा नियम गेलेला नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले, कापड अंगाला न चिकटणारं आणि आरपार न दिसणारं, हा तो नियम. तो पुरुषांनाही लागू आहे, त्याबद्दल पुढे.

दुसऱ्या टोकाच्या फायलीही पाहण्यात आहेत. ‘आता सगळं खुलं झालंय, हवं ते घाला.’ रियाधच्या किंग अब्दुल्ला फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये सूट-पँट घालून, डोकं उघडं ठेवून फिरणाऱ्या परदेशी बायका रोज दिसतात, हे खरं. तिथून काढलेला निष्कर्ष कसीम प्रांतातल्या बुरैदाला लावला की मात्र गाडी अडते. तिथल्या बाजारात स्थानिक बायका बहुतेक काळ्या अबायात आणि नकाबात असतात. तिथे रंगीत कुर्ता घालून गेलेल्या बाईला कोणी दंड करणार नाही, पण दिवसभर सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे राहील आणि ज्या कामासाठी गेली ते बाजूला पडेल.

म्हणून आमची पहिली मागणी अशी, की तुमच्या कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: कायदा काय म्हणतो, ज्या क्लायंटकडे जायचंय त्याच्या आवारातला नियम काय, आणि त्या शहरातली रीत काय. आज या तिन्हींची खिचडी करून एकच ‘ड्रेस कोड’ पाठवला जातो. कायदा मोडला तर दंड होतो, साइटचा नियम मोडला तर गेटवरून परत पाठवतात, आणि रीत मोडली तर फक्त अवघडलेपण येतं. यातलं कुठलं आपण पत्करायचं आणि कुठलं नाही, हे जाणारी बाई स्वतः ठरवू शकते. पण ते वेगळं लिहिलेलं असेल तरच.

आता मोजमापं. ही तशीच उचलून तुमच्या कागदात घातलीत तरी हरकत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक जणींच्या कपाटात सगळ्यात उपयोगी कपडा आधीच असतो: लांब कुर्ता आणि सरळ पँट. आखातात इतके भारतीय आणि पाकिस्तानी लोक राहतात की सलवार-कमीज तिथे कोणाला नवीन नाही. अडचण येते ती शिवणीत. बाजारातल्या तयार कुर्त्याचे बाजूचे कट जवळजवळ कमरेपर्यंत असतात. खाली लेगिंग असेल तर चालताना, जिना चढताना मांडीचा पूर्ण आकार दिसतो, आणि ‘पूर्ण कपडे’ घालूनही ती सूचनेबाहेर जाते. कट वरून खाली शिवत आणून गुडघ्याच्या वर फार तर एक वीत मोकळा ठेवायचा. शिंप्याचं दहा मिनिटांचं काम आहे. लेगिंग आणि जेगिंग घरी ठेवायची, त्यांच्या जागी सरळ पँट किंवा सलवार. पलाझो चालते, पण फार घेराची नको, सरकत्या जिन्यावर ती अडकते.

कुर्त्याची उंची: सव्वापाच फुटांच्या आसपासच्या बाईला ४४ इंची कुर्ता गुडघ्याखाली येतो. ४० इंची उभं असताना पुरतो, बसल्यावर वर सरकतो. बाही मनगटापर्यंत असावी. पाऊण बाही रियाधच्या ऑफिसात कोणी मनावर घेणार नाही, पण सरकारी कार्यालयात किंवा लहान शहरात पूर्ण बाहीच बरी. बाही वाढवायला कापड उरलं नसेल तर आतून पातळ सुती फुलबाही टी-शर्ट. पाठीचा गळा विसरू नका. पुढून बंद गळ्याचा कुर्ता मागे सहा इंच खोल आणि वर लटकन लावलेली दोरी, हे आपल्याकडे सर्रास असतं. तिथे वर जॅकेट घातलं की हा प्रश्न मिटतो.

आरपार दिसण्याची परीक्षा घरीच करता येते. कापडाच्या आत हात घालून मागून मोबाइलचा टॉर्च लावा. बोटं मोजता आली तर अस्तर लावायला हवं. लॉन आणि मलमल ट्यूबलाइटखाली दाट वाटतात आणि रियाधच्या दुपारच्या उन्हात पाणी होतात. त्यानंतर आरशासमोर चार हालचाली: खाली वाकणं, दोन्ही हात वर करणं, खुर्चीत बसणं, पायरी चढणं. हात वर केल्यावर कंबर दिसली, वाकल्यावर गळा लोंबला, तर तो कपडा दुरुस्तीला जाईल.

साडीबद्दल नेहमी विचारलं जातं. सौदीत साडी नेसायला बंदी नाही. पण पोट आणि पाठ झाकायची तर ब्लाउज पूर्ण बाहीचा आणि कमरेपर्यंत लांब हवा, शिवाय वर अबाया आला की निऱ्यांचा फुगा होतो. क्लायंटच्या समारंभाला न्यायची तर न्या, रोजच्या कामाला नको.

एक गोष्ट अवघड आहे, पण लिहायलाच हवी. आखातात सलवार-कमीज घातलेल्या भारतीय बाईला रिसेप्शनवर किंवा गेटवर पुष्कळदा मदतनीस समजलं जातं. असं समजणाऱ्यांचा दोष आहे, आणि घरकाम करणाऱ्या बायकांकडे तिथे कसं पाहिलं जातं हेही त्यातून दिसतं. पण पहिल्याच दिवशी ऑडिटला गेलेल्या बाईला हा गैरसमज निस्तरायला वेळ नसतो. कुर्त्यावर खांद्यात नीट बसणारं, मांडीपर्यंत येणारं जॅकेट, आणि कंपनीचं ओळखपत्र सगळ्यात वरच्या कपड्यावर, एवढ्याने फरक पडतो. ओळखपत्र अबायाच्या आत गेलं की ते नसल्यासारखंच.

अबाया. सक्ती नसली तरी एक जवळ असावाच, असं आमचं मत आहे. बुरैदासारख्या ठिकाणी, जुन्या बाजारात, रमजानमध्ये, किंवा एखाद्या क्लायंटच्या बायका-मंडळींकडे जेवायला बोलावलं तर तो उपयोगी पडतो. शिवाय तो घातला की आत काय घातलंय याची चिंता निम्मी होते. पूर्ण नाही, कारण विमानतळावरच्या तपासणीत तो काढायला सांगू शकतात, आणि बायकांच्या स्वतंत्र बैठकीत तिथल्या बायकाच तो काढून ठेवतात. आत नाइट पँट घालून जाणं धोक्याचं.

अबायाचा साइज छातीवरून नसतो, उंचीवरून असतो: ५२, ५४, ५६, ५८ इंच. रोजच्या कामाचा बूट घालून खांद्याच्या वरच्या टोकापासून घोट्यापर्यंत मोजा, आणि घोट्याच्या किंचित वर संपेल असा घ्या. दुकानदार जमिनीला टेकणारा गळ्यात मारतात, कारण तिथली फॅशन तशी आहे. पण जमिनीला टेकणारी कड ऑफिसच्या खुर्चीच्या चाकात जाते, सरकत्या जिन्याच्या दातात जाते, गाडीच्या दारात चिमटते. लांब असेल तर दुमडून टीप मारून न्या. समोरून उघडा अबाया घेत असाल तर बटणं मोजा. बऱ्याच अबायांना वरती दोन-तीन टिचबटणं असतात आणि खाली सगळं मोकळं, वारा आला की शिडासारखं उडतं. छातीपासून गुडघ्यापर्यंत दर १५ सेंटिमीटरला एक टिचबटण लावून घ्या. खिसा नसेल तर उजव्या शिवणीत एक लावून घ्या. फोन आणि हॉटेलचं कार्ड हातात धरून दिवस निघत नाही.

कापड बहुतेक ‘निदा’ नावाचं पॉलिएस्टर मिळतं. हलकं, सुरकुती न पडणारं, रात्री धुऊन बाथरूममध्ये टांगलं तर सकाळी वाळलेलं. दोष दोन. रियाधच्या कोरड्या हिवाळ्यात त्यात स्थिर वीज साठते, ते पायाला चिकटतं, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. आत सुती कपडा घातला की हा त्रास बराच कमी होतो. दुसरं, गरम इस्त्रीने ते चकाकतं किंवा वितळतं. मंद इस्त्री आणि मध्ये सुती रुमाल. रंगाचं बंधन नाही. रियाध-जेद्दात राखाडी, बेज, निळा सगळं चालतं. लहान शहरात जायचं असेल तर एक काळा. मुंबईत मोहम्मद अली रोड आणि भेंडी बाजारात साधे अबाये मिळतात आणि तिथेच उंची कमी करून देतात. रियाधला उतरल्यावर घेऊ म्हणाल तर पहिला दिवस त्यातच जातो.

खांद्यावरून तिरपी घालायची बॅग अबायावर घालू नका. पट्टा छातीवर कापड आवळतो आणि पुढची कड वर ओढतो, म्हणजे सैल कपडा घेण्याचा हेतूच गेला. हातातली बॅग किंवा दोन्ही खांद्यांची सॅक घ्या.

डोक्यावर ओढणी सौदीत परदेशी बाईला बंधनकारक नाही. पर्समध्ये एक स्कार्फ असू द्या, मशिदीत जाण्याची वेळ आली तर. आपली ओढणी त्याला फार मोठी पडते. सव्वादोन मीटर लांब ओढणीची टोकं मागे लोंबतात आणि खुर्चीत अडकतात. १८० बाय ७० सेंटिमीटर पुरे. शिफॉन आणि जॉर्जेट डोक्यावर टिकत नाहीत, दर पाच मिनिटांनी घसरतात. सुती व्हॉइल, व्हिस्कोस किंवा जर्सी टिकतं. आत सुती टोपी घातली की पिनांची गरज जवळजवळ उरत नाही.

इथवर शहराचं झालं. ज्या बाबतीत कंपन्या सगळ्यात जास्त हलगर्जीपणा करतात तो भाग प्लांटचा आहे, आणि तिथे चूक झाली तर प्रश्न संकोचाचा राहत नाही, जिवाचा होतो.

जुबैल, यान्बू इथल्या रिफायनऱ्या आणि पेट्रोकेमिकल कारखान्यांत अबाया घालून युनिटमध्ये, म्हणजे यंत्रं चालू असलेल्या भागात, जायचं नसतं. सैल कापड फिरत्या शाफ्टमध्ये, कपलिंगमध्ये, कन्व्हेयरमध्ये ओढलं जातं. निदा पॉलिएस्टरचा असल्याने आगीत वितळून कातडीला चिकटतो. तिथे आग-प्रतिरोधक कव्हरऑल (शर्ट-पँट एकत्र शिवलेला संरक्षक पोशाख) लागतो. अबाया हॉटेल ते गेट एवढ्यासाठी, आणि बदलायच्या खोलीत तो काढून ठेवायचा. आता ही खोली आहे का, बायकांची वेगळी आहे का, युनिटपासून किती अंतरावर आहे, हे प्रकल्प व्यवस्थापकाने आधी विचारायचं असतं. बाईने तिथे पोचल्यावर पुरुष सुपरवायझरला विचारायचं नसतं.

कव्हरऑल क्लायंट देईल, असं गृहीत धरू नका. स्टोअरमध्ये पुरुषांचे एल आणि एक्सएल असतात. पाच फूट उंचीच्या बाईने एल घातला की बाही बोटांवर येते, पाय दुमडावे लागतात, दुमडीत गरम ठिणगी अडकते आणि शिडीवर पाय अडखळतो. आग-प्रतिरोधक कपडा घरच्या सुती दोऱ्याने आखूड करायचा नसतो, दोराही त्याच प्रकारचा लागतो. म्हणून मापाचा कव्हरऑल इथूनच घेऊन द्या. एनएफपीए २११२ (आगीपासून संरक्षण देणाऱ्या कपड्यांचं अमेरिकी मानक) चं लेबल आहे का ते बघा, आणि क्लायंटला नेमकं कुठलं मानक हवंय ते विचारून मगच घ्या. क्लायंटची परवानगी असेल तर एकसंध कव्हरऑलऐवजी जॅकेट आणि पँट असा दोन भागांचा संच घ्या. एकसंध कव्हरऑलमध्ये शौचालयात जायचं म्हणजे खांद्यापासून सगळं उतरवायचं, बाह्या ओल्या फरशीवर. पाळीच्या दिवसांत याचा किती त्रास होतो हे खरेदी विभागातल्या कोणी बहुधा कधी विचारलेलंच नाही.

कव्हरऑलच्या आतल्या कपड्यांबद्दल तर कोणी लिहीतच नाही, कारण लिहिणाऱ्याला लाज वाटते. आम्ही लिहितो. आत सुती कपडे घाला, नायलॉन किंवा पॉलिएस्टर नको. बाहेरचं कापड पेटलं नाही तरी उष्णता आत पोचते, आणि सिंथेटिक लेगिंग, स्पोर्ट्‌स ब्रा, स्लिप वितळून अंगाला चिकटतात. सुती अंतर्वस्त्रांतली इलॅस्टिकची पट्टी चालते. विजेच्या कामाचं मानक, एनएफपीए ७०ई, सुद्धा एवढी सूट देतं. मोजेही सुती. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर स्वतः जळतो, आणि क्लोरिन ब्लीचही नको. हॉटेलच्या लाँड्रीला दिलात तर हे दोन्ही पडण्याची शक्यता जास्त, तेव्हा खोलीत हाताने धुवा किंवा साइटच्या लाँड्रीत द्या.

डोकं झाकणाऱ्या सहकारी असतील, म्हणजे ज्या आपल्याकडेही हिजाब घेतात, त्यांच्यासाठी हेल्मेटखाली बसणारी आग-प्रतिरोधक डोकेटोपी मिळते. टोकं मोकळी सोडलेला स्कार्फ आणि टाचण्या दोन्ही नकोत. ज्या प्लांटमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो तिथे श्वसनाचा मुखवटा थेट कातडीवर बसला पाहिजे. मुखवट्याची कड आणि गाल यांमध्ये कापडाची एक घडी आली तरी वायू आत शिरतो. दाढी असलेल्या पुरुषांना याच कारणाने दाढी काढायला लावतात, तेव्हा हा नियम कोणा एका धर्मावर रोखलेला नाही, हे समजावून सांगा. हिजाब मुखवट्याच्या कडेच्या मागे राहील असा कसा बांधायचा याचा सराव इथे, मुखवटा घालूनच करवून घ्या. केस लांब असतील तर मागे उंच अंबाडा नको, हेल्मेटचा मागचा पट्टा त्यावर अडतो आणि हेल्मेट पुढे झुकतं. मानेजवळ वेणी घालून कॉलरच्या आत.

सुरक्षा बूट आयएसओ २०३४५ या मानकाचे, इथूनच. बायकांच्या लहान मापाचे साइटच्या स्टोअरमध्ये क्वचित असतात, आणि दोन मोजे घालून मोठा बूट भरणं म्हणजे शिडीवरून पडण्याची तयारी. नवे बूट नेऊ नका. निघण्याआधी दोन आठवडे ऑफिसात घालून मोडून घ्या.

दागिने. मंगळसूत्र, टिकली, बांगड्या घालायला सौदीत बंदी नाही, आखातातल्या भारतीय बायका रोज घालतात. इतर धर्मांची उघड पूजा तिथे चालत नाही, पण टिकली म्हणजे पूजा नव्हे, उगाच धास्ती घालू नका. दागिने काढायचे ते कामाच्या जागेमुळे. चालू विद्युत पॅनेलजवळ आणि फिरत्या यंत्राजवळ गळ्यात-हातात काही नको. अन्नप्रक्रिया कारखान्यात काचेच्या बांगड्या, चिकटवायची टिकली, टिकल्या-मणी लावलेला कुर्ता आणि टाचण्या आत जाऊ देत नाहीत, कारण यातलं काहीही सुटून उत्पादनात पडू शकतं. औषध कारखान्याच्या क्लीनरूममध्ये याशिवाय पावडर आणि काजळही नाही. हल्ली स्कार्फला चुंबकाच्या पिना मिळतात, छान असतात. एमआरआय यंत्राची दुरुस्ती करायला जाणाऱ्या इंजिनिअरने मात्र त्या हॉटेलवरच ठेवाव्यात, आणि अबायाची धातूची टिचबटणंही लक्षात असू द्यावीत.

ऊन. जून ते ऑगस्ट रियाधचं दुपारचं तापमान ४३-४५ अंशांपर्यंत जातं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर, थेट उन्हात काम करायला तिथे बंदी आहे. तेव्हा साइट पाहणी सकाळी ठेवा. त्याच दिवशी ऑफिसात एसी इतका असतो की शाल लागते. पूर्व किनाऱ्यावर, दम्माम-जुबैलला, ऑगस्ट-सप्टेंबरात दमट हवा असते, निदाच्या आत घाम वाळत नाही. तिकडे व्हिस्कोसचा अबाया घ्या. जानेवारीत रियाधची रात्र थंड असते, स्वेटर न्या.

इतर देशांचं थोडक्यात, कारण तुमची फाईल ‘मिडल ईस्ट’ या एकाच नावाने असते. संयुक्त अरब अमिराती, कतार, बहारीन, कुवेत, ओमान इथे परदेशी बाईला अबायाची सक्ती नाही; खांदे-गुडघे झाकलेले, नेहमीचे ऑफिसचे कपडे पुरतात. दुबई आणि दोहातल्या सरकारी कार्यालयांत बिनबाहीच्या कपड्यांत आत सोडत नाहीत. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत आणि मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत केस, हात, पाय झाकावे लागतात. इराणमध्ये डोकं झाकणं कायद्याने सगळ्या बायकांना बंधनकारक आहे, परदेशीसुद्धा. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबवरून अटक झालेल्या महसा अमिनीचा मृत्यू झाला, तेव्हापासून तेहरानच्या रस्त्यांवर अनेक स्थानिक बायका डोकं उघडं ठेवतात. तो त्यांचा लढा आहे. कंपनीच्या व्हिसावर गेलेल्या बाईने स्कार्फ घ्यावा, आणि तिला पाठवावं का हा निर्णय कपड्यांच्या कितीतरी आधी घ्यायचा असतो. बाकू, ताश्कंद, इस्तंबूल या शहरांना सौदीची यादी पाठवणं थांबवा.

पुरुषांनाही हाच कागद द्या. गुडघ्याच्या वरची शॉर्ट्‌स, बनियन, अश्लील चित्र किंवा मजकूर छापलेला टी-शर्ट हे शिष्टाचाराच्या नियमांत बसत नाही. फक्त बायकांना वेगळं बोलावून ‘जरा सांभाळून हं’ सांगितलं, की कपडे ही त्यांच्या वागणुकीची परीक्षा बनते. आणि मग पुढच्या वेळी ‘तिकडे बाई कशाला, कटकट नको’ म्हणून पुरुषाचं नाव पुढे जातं. हे आम्ही आडून सुचवत नाही, थेट सांगतो: कपड्यांची अडचण पुढे करून बाईचं नाव दौऱ्यातून वगळू नका. सौदीत आज बायका कामाच्या ठिकाणी सर्वत्र आहेत, बैठकीच्या दुसऱ्या बाजूला बहुधा एखादी असेलच.

बॅगेचा हिशेब, एका आठवड्याच्या दौऱ्याला: अबाये दोन, पैकी एक हातातल्या बॅगेत, कारण मोठी बॅग दुसऱ्या विमानाने येऊ शकते. कुर्ते किंवा लांब शर्ट चार, पँट तीन, जॅकेट एक, स्कार्फ दोन, सुती मोजे पाच जोड (कोणाच्या घरी किंवा मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, बूट काढावे लागतात, भोक पडलेले नकोत). प्लांट असेल तर कव्हरऑल दोन आणि बूट. यातले कव्हरऑल, बूट, डोकेटोपी आणि एक अबाया यांचा खर्च कंपनीचा. ‘वैयक्तिक कपडे परतावायोग्य नाहीत’ हे कलम इथे लावू नका. हेल्मेटचे पैसे तुम्ही कर्मचाऱ्याकडून घेत नाही. शिवणकामाचंही बिल घ्या, रक्कम किरकोळ असते. खरेदी आणि शिवण यांना दहा दिवस लागतात, तेव्हा कागद व्हिसाच्या अर्जाबरोबर जायला हवा, तिकिटाबरोबर नव्हे.

शेवटी, क्लायंटला कोणते प्रश्न विचारायचे. विचारताना त्यांच्याकडच्या एखाद्या महिला कर्मचाऱ्याला विचारा. तुमचा मागच्या वर्षी जाऊन आलेला पुरुष सहकारी उत्साहाने सांगेल, पण त्याला बायकांची बदलायची खोली कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही.

१. परदेशी महिला पाहुण्यांनी तुमच्या ऑफिसात आणि प्लांटमध्ये अबाया घालावा अशी अपेक्षा आहे का? नियम आहे की रीत?
२. युनिटमध्ये कोणत्या मानकाचा कव्हरऑल लागतो? दोन भागांचा चालतो का? महिलांच्या मापात तुमच्याकडे आहे का?
३. महिलांची बदलायची खोली आणि शौचालय युनिटपासून चालत किती मिनिटांवर आहे? किल्ली कोणाकडे असते?
४. मुखवट्याची फिट चाचणी (तो चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची) कुठे होते, आमच्याकडे की तुमच्याकडे?
५. दागिने, टिकली, सौंदर्यप्रसाधनं यांवर कोणत्या विभागात बंदी आहे?
६. या काळात रमजान येतो का? येत असल्यास दिवसा खाण्यापिण्याची वेगळी जागा आहे का?
७. हॉटेलची व्यायामशाळा आणि तलाव महिलांना खुले आहेत का, आणि कोणत्या वेळेत?

उत्तरं तारखेसह कागदावर चढवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. शुक्रवार-शनिवार तिकडे सुट्टी असते, गुरुवारी दुपारनंतर पाठवलेल्या मेलला रविवारीच उत्तर येतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर तिकीट काढू नका.

कळावे,

आखाती देशांत कामानिमित्त जाणाऱ्या आणि जाणाऱ्यांची तयारी करून देणाऱ्या काही जणी